वृद्ध रुग्ण आणि राहून गेलेला प्रश्न

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही रुग्णपरीक्षेची त्रयी आपण विद्यार्थिदशेतच मुखोद्गत करतो. तथापि समोर सत्तरीचे गृहस्थ बसले असता तिसरी परीक्षा अर्ध्यावरच राहते, हे आम्ही स्वानुभवाने लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीतील आमच्या चिकित्सालयात एक विधुर, निवृत्त गृहस्थ चिरंजीवांसह आले. वजन घटलेले, अग्नी मंद, वारंवार द्रवमलप्रवृत्ती, सायंकाळी ज्वर. जराजन्य धातुक्षय ठरवून आम्ही दीपन-पाचन व रसायन योजले. आहार, निद्रा, मलमूत्र सारे विचारले. शरीरसंबंधाविषयी मात्र अवाक्षर काढले नाही. पिकलेले केस पाहून जीभ रेटली नाही, शिवाय मुलगा शेजारी! पुढे क्षयरोग निष्पन्न झाला, तेव्हा सरकारी रुग्णालयात रक्त तपासले गेले आणि एच.आय.व्ही. आढळला. चार महिने वाया गेले होते. राजयक्ष्मा, ओजक्षय व एड्स यांच्या लक्षणसाम्यावर आम्हीच परिसंवादात बोललो होतो, हे विशेष.

१९८६ साली चेन्नई येथे या विषाणूची देशातील पहिली नोंद झाली. तेव्हापासून जनजागृतीचा रोख प्रामुख्याने तरुणांकडे राहिला. प्रौढांतील प्रमाण सांगतानाही बहुधा १५ ते ४९ हाच वयोगट धरतात. पन्नाशी उलटलेला माणूस आकड्यांतून गळतो आणि वैद्याच्या मनातूनही. वस्तुतः रजोनिवृत्तीनंतर गर्भाचे भय नसल्याने निरोध दूर राहतो आणि योनीच्या रूक्षतेमुळे सूक्ष्म क्षते होऊन संसर्गास वाट मिळते.

दुसरा वर्ग अधिक परिचयाचा होत जाणार आहे. १ एप्रिल २००४ पासून शासनाने ए.आर.टी. औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला. त्या वेळी चाळिशीत असलेले रुग्ण आज साठी ओलांडून संधिवात, मधुमेह घेऊन आपल्याकडे येतात. मूळ आजार सांगतीलच असे नाही. येथे आपले औषधही विघ्न ठरू शकते. सध्याच्या उपचारातील डोल्युटेग्रॅविर हे औषध कॅल्शियम वा लोहासह उपाशीपोटी घेतल्यास नीट शोषले जात नाही. ते त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे लागते. शंखभस्म, प्रवाळ, मंडूर, लोहभस्म देताना हीच दक्षता हवी. मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाणही डोल्युटेग्रॅविरने वाढते. म्हणून चालू औषधांच्या चिठ्ठ्या मागून पाहाव्यात, आणि ए.आर.टी. बंद करण्याचा सल्ला कदापि देऊ नये.

शंका आल्यास नातेवाइकांना क्षणभर बाहेर बसवावे व विचारावे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर येथे समुपदेशनासह तपासणी होते. १०९७ या क्रमांकावर माहिती मिळते. २०१७ च्या कायद्यानुसार रुग्णाची संमती आवश्यक असून गोपनीयता बंधनकारक आहे; चिरंजीवांनी विचारले तरीही.

ते गृहस्थ आता गुडघ्यांसाठी येतात. एकटेच येतात.