नक्षीला भाव नाही

वऱ्हाडातल्या जुन्या चांदीचं काय झालं, हे संग्रहालयांत शोधून सापडायचं नाही. ते सराफाच्या काट्याला विचारावं. अकोल्याच्या सराफ्यात मोडीच्या गिऱ्हाइकांसमोर बसून मी ते पाहत आलोय.

मोड आली की आधी वजन. मग कसोटीवर घासून टंच ठरवायचा. पोकळ गोठात लाख भरलेली असते, ती जाळून काढायची, डाकाची घट धरायची आणि उरेल त्या चांदीला त्या दिवसाचा भाव. घडणावळ यात कुठंच येत नाही.

दर्यापूरकडच्या एक काकू तोड्यांची जोडी घेऊन आल्या होत्या. बाहेरच्या अंगाला बारीक कळ्यांची रांग, मळसूत्राच्या टोकाला हरभऱ्याएवढं फूल, आतली बाजू मात्र मनगटावर घासून पार गुळगुळीत. शेठ म्हणाले, "काकू, असं काम आता होत नाही, ठेवा." त्या म्हणाल्या, "नक्षी खाता येते का बाप्पा? पोरीची फी भराची हाये." यावर काय बोलणार? तोडे मुशीत गेले.

कापूसवाल्या मुलखाची रीतच ही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळं कापसाचे भाव भडकले आणि वऱ्हाडात पैसा आला. चांगल्या हंगामात घडवायचं, नापिकीत मोडायचं. शेतकऱ्याची बँक अंगावरच असे. त्यामुळं 1899-1900 सारख्या दुष्काळात माणसांबरोबर आधीच्या पिढीचे घाटही गेले.

एखादी फारच देखणी वस्तू, अत्तरदाणी किंवा पानपुडा, शेठ बाजूला ठेवत. मुंबईचा व्यापारी मोडीवर थोडं चढवून ती उचली. कुठल्या गावची, कुणाच्या घरची, हे त्यानं कधी विचारलं नाही. माझ्या मते आटणीइतकंच हेही नुकसान आहे. गाव पुसलं गेलं की वस्तू नुसती शोभेची उरते.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनीच्या जैन धातुमूर्ती वाचल्या, कारण त्या जमिनीखाली होत्या. आज त्या नागपूरच्या अजब बंगला संग्रहालयात आहेत आणि गावाचं नाव त्यांच्याबरोबर अभ्यासकांच्या तोंडी आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी चष्म्याचं दुकान सांभाळत समया, अडकित्ते, दारं गोळा केली आणि 1975 मध्ये सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. लोक ज्याचं वजन करत, त्याचा त्यांनी घाट पाहिला. असा माणूस वऱ्हाडाला हवा होता.

1972च्या कायद्यानं शंभर वर्षांवरच्या कलावस्तू परदेशी नेता येत नाहीत. पण गल्लीतल्या मुशीपर्यंत कायदा कुठून पोचणार? म्हणून घरोघरी एवढं तरी करा: आजीचा दागिना मोडायची वेळ आलीच, तर आधी दोन्ही बाजूंनी त्याचा फोटो काढा. त्यामागं गाव, घालणारीचं नाव आणि ठाऊक असेल तर घडवणाऱ्या सोनाराचं नाव लिहा. मग खुशाल काट्यावर ठेवा.