करिक्लोची कडी

३ जून २०१३ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या कितीतरी दुर्बिणी एकाच अंधूक ताऱ्यावर रोखलेल्या होत्या. ताऱ्यात विशेष काही नव्हतं. त्याच्या समोरून करिक्लो जाणार होती आणि ती जाताना तो काही सेकंद झाकला जाणार होता. खगोलशास्त्रात याला पिधान म्हणतात. चंद्राआड रोहिणी गेलेली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. हा प्रकार तोच, पण झाकणारी वस्तू मात्र मोठ्या दुर्बिणीतूनही ठिपक्यापलीकडे न दिसणारी.

करिक्लो शनी आणि युरेनस यांच्या कक्षांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरते. सूर्यापासून तिचं अंतर साधारण २०० कोटी ते २७५ कोटी किलोमीटर. एका फेरीला ६३ वर्षं लागतात. जेम्स स्कॉटी यांना ती १५ फेब्रुवारी १९९७ रोजी सापडली. ते तेव्हा अ‍ॅरिझोनातल्या किट पीक इथल्या ‘स्पेसवॉच’ प्रकल्पात काम करत होते. तिचा व्यास सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून सातारा गाठायला जेवढा रस्ता कापावा लागतो जवळपास तेवढा. गुरू ते नेपच्यून या पट्ट्यात फिरणाऱ्या अशा खगोलांना ‘सेंटॉर’ म्हणतात, आणि आजवर माहीत असलेल्या सेंटॉरांत करिक्लो सर्वांत मोठी समजली जाते.

एवढ्या दूरच्या ठिपक्याचं मोजमाप करायचं कसं? त्याच्या सावलीवरून. तारा इतका लांब असतो की त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतो. त्यामुळे पृथ्वीवर पडणारी सावली त्या खगोलाच्या आकाराएवढीच असते. ही सावली सेकंदाला वीसेक किलोमीटर वेगाने जमिनीवरून सरकत जाते. एका गावी तारा किती सेकंद दिसेनासा झाला ते मोजलं, की सावलीची तिथली लांबी कळते. शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावी ती वेगळी भरते, तिसरीकडे तारा झाकलाच जात नाही. या सगळ्या नोंदी नकाशावर शेजारी शेजारी मांडल्या की खगोलाची बाह्यरेषा उमटते. एकट्या दुर्बिणीला, ती कितीही मोठी असली तरी, हे जमत नाही. या कामात माणसं लागतात, ठिकठिकाणी पांगलेली, घड्याळं अचूक जुळवलेली, आणि आभाळ निरभ्र राहील या आशेवर बसलेली.

त्या रात्री करिक्लोमुळे तारा झाकला गेल्याचं चिलीतल्या तीन ठिकाणी नोंदलं गेलं. एकूण सात ठिकाणी मात्र आणखी काहीतरी दिसलं. तारा क्षणभर मंद होत होता आणि पुन्हा उजळत होता. त्यातही ला सिया वेधशाळेतल्या १.५४ मीटरच्या डॅनिश दुर्बिणीची नोंद सर्वांत बोलकी ठरली, कारण तिथला कॅमेरा सेकंदाला दहा चित्रं टिपत होता. त्या आलेखावर मधोमध करिक्लोची स्वतःची खोल दरी आहे. तिच्या अलीकडे दोन घसरणी, एक उथळ आणि एक खोल. पलीकडेही तशाच दोन, उलट्या क्रमाने. प्रत्येक घसरण सेकंदाच्या काही अंशात संपलेली. बाकीच्या दुर्बिणींचे कॅमेरे इतके चपळ नव्हते, त्यामुळे तिथे दोन घसरणी एकमेकींत मिसळून एकच दिसली. दोन्ही बाजूंची ही नेटकी जुळणी पाहिल्यावर धूळ, ढग किंवा सुटा उपग्रह असले सगळे अंदाज मागे पडले. ती कडी होती.

फेलिपे ब्रागा-रिबास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध २६ मार्च २०१४ रोजी ‘नेचर’मध्ये आला. केंद्रापासून ३९१ किलोमीटरवर एक कडं, रुंदी सुमारे ७ किलोमीटर. ४०५ किलोमीटरवर दुसरं, सुमारे ३ किलोमीटर रुंदीचं आणि बरंच विरळ. मध्ये ९ किलोमीटरची मोकळी जागा. ब्राझीलच्या चमूने त्यांना ओयापोकी आणि शुई अशी लाडकी नावं दिली. त्या देशाच्या उत्तर आणि दक्षिण टोकांजवळच्या या दोन नद्या. तोवर कडी फक्त गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून या चार थोरांचीच मालमत्ता मानली जात होती.

या शोधाने एक जुनं कोडंही सुटलं. १९९७ ते २००८ या काळात करिक्लो हळूहळू मंदावत गेली होती आणि तिच्या वर्णपटातली पाण्याच्या बर्फाची खूण पुसट होत नाहीशी झाली होती. बर्फ जाईल कुठे? आता उत्तर मिळालं. बर्फ कड्यांमध्ये होता आणि २००८च्या सुमारास ती कडी आपल्याकडे नेमकी कडेने वळलेली होती. पातळ कडी कडेने पाहिली की जवळपास दिसतच नाहीत. मला या सगळ्या हकिकतीत हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. दहा वर्षं नोंदी ठेवणाऱ्यांना कारण माहीत नव्हतं, तरी त्यांनी नोंदी प्रामाणिकपणे ठेवल्या.

पिधानातून कडी सापडण्याची ही पहिली वेळ नव्हती, आणि पहिल्या वेळी आपला देशही साक्षीदार होता. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून गेला. जेम्स एलियट यांचा चमू दुर्बीण बसवलेल्या विमानातून हिंदी महासागरावर उडत होता. त्याच वेळी तमिळनाडूतल्या कावलूरला जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी एक मीटरच्या दुर्बिणीने तोच तारा पाहत होते. त्यांनाही ताऱ्याची मंदावणी मिळाली. आधी त्यांनी ती नव्या उपग्रहाची मानली. मग त्याच वर्षी भट्टाचार्य आणि वेणु बाप्पू यांनी युरेनसच्या शनीसारख्या कड्यांवर ‘नेचर’मध्ये लिहिलं.

करिक्लोचं गुरुत्वाकर्षण नाममात्र. मग तिची कडी विस्कटत का नाहीत? जवळपास फिरणारे छोटे उपग्रह त्यांना आवरून धरत असावेत, हा एक तर्क. तसे उपग्रह अजून हाती लागलेले नाहीत. दुसरा तर्क करिक्लोच्या ओबडधोबडपणावर उभा आहे. ती सुमारे सात तासांत स्वतःभोवती फिरते. तिच्या तीन गिरक्या होतात तोवर कड्यातले कण साधारण एक फेरी पूर्ण करतात. तिचा फुगवटा ठरावीक तालात कणांना ओढत राहतो आणि या तालमेळाचा कडी टिकण्याशी संबंध असावा. नेपच्यूनपलीकडच्या हौमिया आणि क्वावार या खगोलांच्या कड्यांतही हाच तीनास एकचा ताल आढळला, तेव्हा योगायोगाची शक्यता बरीच कमी झाली.

१८ ऑक्टोबर २०२२ रोजी जेम्स वेब दुर्बिणीनेही करिक्लोच्या कड्यांआड जाणारा तारा टिपला. त्यानंतर काही दिवसांतच तिने घेतलेल्या वर्णपटात पाण्याच्या स्फटिकरूप बर्फाची स्पष्ट खूण दिसली.

ग्रीक कथेत करिक्लो ही कायरॉनची पत्नी. आकाशातला कायरॉन हाही एक सेंटॉर. तो चार्ल्स कोवाल यांना १९७७ मध्ये पालोमारला सापडला, म्हणजे युरेनसची कडी सापडली त्याच वर्षी. तो आधी लघुग्रह म्हणून नोंदला गेला. १९८९ मध्ये त्याच्याभोवती धूमकेतूसारखं आवरण दिसलं, म्हणून त्याला धूमकेतूंच्या यादीतही जागा मिळाली. १० सप्टेंबर २०२३च्या पिधानातून त्याच्याभोवती तीन दाट कडी असल्याचं समोर आलं, केंद्रापासून २७३, ३२५ आणि ४३८ किलोमीटरवर. त्यापलीकडे सुमारे १,४०० किलोमीटरवर काहीतरी अगदी विरळही आहे. आधीच्या २०११, २०१८ आणि २०२२च्या पिधानांशी ताडून पाहिलं तेव्हा हा पसारा बदलत असल्याचं लक्षात आलं. कडी घडत असताना पाहायला मिळण्याची ही संधी असू शकेल.

सेंटॉरांच्या कक्षा फार काळ टिकत नाहीत. मोठे ग्रह त्यांना ओढत-ढकलत राहतात आणि काही लाख ते काही कोटी वर्षांत कोणी सूर्याकडे येऊन धूमकेतू होतो, तर कोणी सूर्यमालेबाहेर भिरकावला जातो. एकाही सेंटॉरजवळ अजून यान गेलेलं नाही. पिधानं मात्र होत राहतील आणि ‘गाया’ उपग्रहाने ताऱ्यांच्या जागा इतक्या काटेकोर नोंदल्या आहेत की सावली कुठून जाणार हे आता बरंच आधी सांगता येतं. जुन्नरजवळच्या गिरावलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे, ला सियातल्या त्या डॅनिश दुर्बिणीपेक्षा मोठी. सावलीचा पट्टा दख्खनवरून जाईल त्या रात्री तिच्या आजूबाजूला, पाच-पन्नास किलोमीटरच्या अंतरांवर, हौशी मंडळींनी आपापल्या दुर्बिणी, चपळ कॅमेरे आणि उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेली घड्याळं घेऊन बसायला हवं.