बोट लागते तेव्हा…
(दक्षिण ध्रुवाकडे निघणाऱ्यांसाठी)

हिंगण्यातील माणसाचा समुद्राशी संबंध तो काय! मुंबईचा किनारा येथून शेकडो किलोमीटर दूर. आमच्याकडे ‘गाडी लागते’, कोकणात ‘बोट लागते’. दुःख मात्र एकच. असे असले तरी आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आता युरोप-अमेरिका पाहून झाल्यावर अंटार्क्टिकाच्या सफरीचा विचार करू लागली आहेत.

माझ्या बँकेतील दिवसांपासून परिचित असलेले एक धान्य-व्यापारी दांपत्य मागील वर्षी परदेशी पैसे पाठविण्याची रीत विचारावयास घरी आले. व्यवहाराचे बोलणे संपले, तशी वहिनी हळूच म्हणाल्या, “साहेब, पैसे तर भरून होतील, पण मला अमरावतीच्या बसमध्येही मळमळते. दोन दिवस बोटीत माझे कसे व्हायचे?”

प्रश्न रास्त होता. अर्जेंटिनातील उशुआइया बंदरातून निघालेल्या जहाजाला ड्रेक सामुद्रधुनी ओलांडावी लागते. तिची रुंदी सुमारे ८०० किलोमीटर असून जाताना व येताना प्रत्येकी साधारण दोन दिवस लागतात. दक्षिण गोलार्धात त्या अक्षांशांवर पश्चिमेचे वारे अडविणारी भूमी जवळजवळ नाहीच. म्हणून वारा आणि लाटा पृथ्वीभोवती मोकाट फिरतात. कधी हा समुद्र तळ्यासारखा शांत असतो, तर कधी जहाज पाळण्यासारखे हेलकावते.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी हिमभूमीवर पोहोचली. म्हणजे महिन्याहून अधिक काळ समुद्रावर! पुढे १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह डॉ. अदिती पंत होत्या; भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या महिला. अदितीताईंचा जन्म १९४३ सालचा, आपल्या नागपूरचाच. समुद्रापासून इतक्या दूर जन्मलेली कन्या सागरशास्त्रज्ञ झाली, हे सांगताच वहिनींना थोडा धीर आला.

बोट लागणे हा भित्रेपणा नव्हे. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय ‘आपण हलत आहोत’ असे सांगते आणि बंद खोलीतील डोळे ‘सर्व स्थिर आहे’ असे सांगतात. या दोन साक्षी जुळत नाहीत, म्हणून मेंदू गोंधळतो व मळमळ सुरू होते. ‘बीगल’ जहाजावर जवळजवळ पाच वर्षे फिरलेल्या चार्ल्स डार्विनलाही या त्रासाने शेवटपर्यंत सोडले नाही.

उपाय याच कारणातून निघतात. खोली घेताना जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावरची घ्यावी. तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात आणि भाडेही पुष्कळदा कमी असते. मळमळ वाटू लागताच मोकळ्या हवेत जाऊन क्षितिजावर नजर स्थिर करावी. मोबाईल आणि वाचन दूर ठेवावे. आडवे पडून डोळे मिटल्यानेही आराम पडतो. चालताना एक हात सदैव कठड्यावर असावा. उतारवयात उलटीपेक्षा पडण्याचे भय मोठे.

पोट रिकामे ठेवू नये, गच्चही भरू नये. खाकरा, मुरमुरे, कोरडी बिस्किटे थोडी थोडी खावीत. आल्याने मळमळ कमी होते असे सांगतात. आपल्याकडे ओले आले वर्ज्य मानणाऱ्यांना सुंठीची पूड चालते. चौविहार पाळणाऱ्यांनी मात्र आधीच विचार करावा. उलट्यांनी शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. अशा वेळी पाणी किंवा औषध टाळणे धोक्याचे. तेवढ्या दिवसांपुरता तिविहार घ्यावा की कसे, हे निघण्यापूर्वीच गुरुमहाराजांना विचारून ठेवावे.

गोळीचे गणित विम्यासारखे आहे. ती संकटाआधी घ्यावी लागते. बँकेच्या रजा-प्रवास सवलतीवर आम्ही अंदमानला गेलो, तेव्हा मळमळ सुरू झाल्यावर मी गोळी गिळली आणि पाचव्या मिनिटाला ती समुद्रार्पण झाली! डॉक्टरांनी सुचविलेली गोळी जहाज सुटण्यापूर्वी घ्यावी, आणि तीही आधी घरी एकदा घेऊन पाहावी. झोप किती येते ते कळते. रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी उलटीत गेल्यास जहाजावरील डॉक्टरांना लगेच सांगावे.

एवढे ऐकून आमच्या व्यापारी मित्रांनी खिशातून एक पाकीट काढले. अमेरिकेतील पुतण्याने कानामागे चिकटवावयाची औषधी पट्टी पाठविली होती. “ही लावली की तीन दिवस चिंता नाही,” ते म्हणाले. त्यांना काचबिंदू आहे, हे मला ठाऊक होते. मी ती पट्टी नेत्रतज्ज्ञांना दाखविल्याशिवाय न लावण्याची विनंती केली. तज्ज्ञांनी ती स्पष्टपणे नाकारली. काचबिंदूच्या काही प्रकारांत ती डोळ्यांना घातक ठरते. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते, तर वृद्धांना भ्रम होऊ शकतो. परक्याचे औषध म्हणजे परक्याच्या सहीचा धनादेश. तो आपल्या खात्यावर वटत नाही.

फेब्रुवारीत दोघे सुखरूप परतले. वहिनींना जाताना एकदा उलटी झाली, येताना एकदाही नाही. “मला काही होत नाही,” म्हणणारे शेठजी मात्र दीड दिवस अंथरुणाला खिळून होते. पण डोळे शाबूत होते, आणि त्या डोळ्यांनी पेंग्विन पाहिल्याचे ते आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.