रोजा, अर्धशिशी आणि वेळेवरची गोळी

दुपारचे तीन वाजलेले. आमच्या आपाने खिडक्या लावून घेतल्या, कपाळाला ओढणी घट्ट बांधली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. उजेड सोसत नव्हता, मळमळत होतं. गोळी उशाशीच होती, पण इफ्तारला साडेतीन तास होते. ‘एवढा वेळ काढला, आता रोजा कशाला सोडू?’ मगरिबची अजान झाली, खजुरासोबत तिने गोळी घेतली आणि पाच मिनिटांत ती उलटून पडली.

अर्धशिशी म्हणजे मायग्रेन. ही साधी डोकेदुखी नव्हे. उपाशी पोट, कमी पाणी, मोडलेली झोप, चुकलेला चहा यांतलं एखादंही कारण तिला पुरतं. रमजानमध्ये चारही एकत्र येतात. संकष्टी धरून माळीवाड्याच्या विशाल गणपतीला जाणाऱ्या माझ्या सहकारी मॅडमचाही हाच अनुभव आहे.

या दुखण्यात गोळीइतकीच तिची वेळही महत्त्वाची. दुखणं सौम्य असतानाच घेतली तर ती नीट लागू पडते. झटका भरात आला की पोटाचं काम मंदावतं, उलट्या होतात. सौम्य झटक्याला पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन पुरतं. त्याने भागलं नाही तर डॉक्टर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टानसारखी ‘ट्रिप्टान’ गटातली औषधं देतात. 2024 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने 137 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास छापला. त्यात काही ट्रिप्टान नव्या, महागड्या औषधांपेक्षा सरस ठरली. तरी ही जादू नव्हे. सुमाट्रिप्टानच्या 50 मिलिग्रॅमच्या गोळीने दोन तासांत शंभरातल्या सुमारे 28 जणांचं दुखणं पूर्ण थांबतं; नुसत्या खोट्या गोळीने 11 जणांचं.

ट्रिप्टान सगळ्यांना चालत नाही. हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ती टाळावीच लागते. रिकाम्या पोटी, अंगात पाणी कमी असताना वेदनाशामक गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला जाचतात. गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये. अचानक उठलेली आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी, बोबडी वळणं, एका अंगाची ताकद जाणं किंवा तापासोबत मान आखडणं, असं काही झालं तर गोळी शोधू नका; थेट दवाखाना गाठा.

आपाची खरी चूक पुढे झाली. ईद सरली तरी रोज संध्याकाळी ‘दुखेल’ या भीतीने ती मेडिकलमधून आणलेली गोळी घेत राहिली. काही महिन्यांत डोकं रोजच दुखू लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस आणि ट्रिप्टान दहा दिवस किंवा त्याहून जास्त घेत राहिलं, तर औषधच डोकेदुखी जडवतं. वारंवार झटके येणाऱ्यांसाठी ते टाळणारी वेगळी औषधं असतात. रमजानआधी भेटलात तर त्यांच्या वेळा सहेरी-इफ्तारला बसवता येतात. चहाही आठवडाभर आधीपासून कमी करत आणावा.

आजाऱ्याने रोजा सोडावा आणि तेवढे दिवस नंतर भरून काढावेत, ही सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती घेणं म्हणजे ईमान कमी पडणं नव्हे. पुढच्या रमजानमध्ये झटक्याची चाहूल लागताच आपाने पाणी मागितलं, दोन घास खाल्ले आणि गोळी घेतली. असे चार रोजे सुटले. डिसेंबरच्या लहान दिवसांत तिने ते कजा म्हणून पूर्ण केले. चौथ्या दिवशी इफ्तारला मीही तिच्यासोबत बसलो. खिडक्या उघड्या होत्या.