रिकामी इमारत आणि बेवारस इमारत

काटोलमध्ये बसून समुद्रकाठच्या गावाबद्दल बोलायचं म्हणजे थोडं विचित्रच आहे. आपल्या संत्र्याच्या बागांपासून अरबी समुद्र आठेकशे किलोमीटर दूर. पण आजचा विषय समुद्राचा नाही. पडक्या, वापरात नसलेल्या इमारतींचे फोटो आपण का काढतो, आणि काढताना नेमकं काय करतो, हा आहे. तो मला सुचला रेवदंड्यात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

रेवदंडा अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे. शेजारचं चौल हे फार जुनं बंदर. 1469 मध्ये अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी याच चौलला उतरला होता. पुढच्या शतकात पोर्तुगीज आले, त्यांनी तटबंदीचं शहर वसवलं, चर्च बांधली, मठ बांधले. 1739 मध्ये वसई पडली आणि 1740 मध्ये हे ठाणंही मराठ्यांकडे आलं. आज त्या तटाच्या आत काय आहे? नारळी-पोफळीच्या वाड्या, घरं, विहिरी, आणि मध्येच छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंती. एका उंच मनोऱ्याला लोक सातखणी म्हणतात. नाव सातांचं, खण मात्र सगळे उरलेले नाहीत.

आता हातात कॅमेरा असलेला माणूस इथे आला की काय होतं? तो हरखून जातो. मीही हरखलो. शेवाळलेला काळा दगड, भिंतीतून उतरलेली वडाची मुळं, तिरपं ऊन. एका कमानीसमोर मी उभा राहिलो. खाली एक बाई झावळ्या गोळा करत होत्या. मी थांबलो. त्या बाजूला होतील मग काढू, असं म्हणून चांगली वीस मिनिटं थांबलो. शेवटी त्यांच्याच लक्षात आलं. म्हणाल्या, "काढा की फोटो, आम्ही रोजचेच हाव इथं." आणि तरी मी त्या गेल्यावरच काढला!

हे मी का केलं, हा प्रश्न मला पुढे बरेच दिवस छळत राहिला. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला छळायला एवढंसं पुरतं.

बघा, चित्रकाराची गोष्ट वेगळी असते. ह्यूबेर रोबेर हा फ्रेंच चित्रकार भग्नावशेषांसाठीच प्रसिद्ध होता. त्याने 1796 मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचं मोठं दालन छत कोसळलेल्या अवस्थेत रंगवलं. दालन तेव्हा धडधाकट होतं! चित्रकार न पडलेली इमारत पाडू शकतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. समोर जे आहे तेच तो घेतो. रोलां बार्त या विचारवंताने 1980 च्या आपल्या पुस्तकात फोटोचं मर्म यातच शोधलं: फोटो दाखवतो ती वस्तू कधीतरी, कुठेतरी खरोखर कॅमेऱ्यासमोर होती. म्हणून फोटोला आपण साक्षीदार मानतो. पण साक्षीदार खोटं न बोलताही दिशाभूल करू शकतो, अर्धं सांगून. माझ्या फोटोत कमान खरी, मुळं खरी, ऊन खरं. फक्त "इथे कोणी नाही" हे खोटं. आणि पाहणाऱ्याला नेमकं तेवढंच लक्षात राहतं.

आपल्याकडे ही सवय सुरुवातीपासून नव्हती, बरं का. 1855 मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तूंचे फोटो काढायला नेमलं. त्या काळातल्या पाहणीच्या फोटोंत पुष्कळदा एखादा माणूस मुद्दाम उभा केलेला दिसतो. कशासाठी? दाराची उंची कळावी म्हणून. माणूस तिथे मोजपट्टी होता, हा काही मोठा सन्मान नव्हे. पण निदान तो चौकटीत होता. आपण सुधारलो आणि त्याला बाहेर काढलं.

"ओसाड" हा शब्दही असाच घाईने वापरला जातो. रेवदंड्यात किंवा कोकणातल्या कुठल्याही गावात बंद घरं पुष्कळ. दगडी जोतं, विटांच्या भिंती, लाकडी खांब, वर मंगलोरी कौलं. कौल हलतं, कुणी सारखं करायला नसतं, एका पावसाळ्यात पाणी वाशावर उतरतं, वासा कुजला की पाखं बसतं. भिंत सगळ्यात शेवटी पडते. म्हणजे घर पडतं ते माणूस नसल्यामुळे. पण नसलेला माणूस म्हणजे मेलेला माणूस नव्हे. तो मुंबईला गिरणीत गेला. किंवा सात वारसांची नावं उताऱ्यावर आहेत आणि एकाचीही सही होत नाही. फोटोत हे दिसत नाही, दिसतं ते काव्य.

याच रेवदंड्यात बेने इस्रायली समाजाचं सिनेगॉग आहे. कोकणातले हे मराठी बोलणारे ज्यू, पुष्कळ जण पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. किहीमकर, पेणकर, नागावकर ही त्यांची आडनावं गावांवरून आली. 1948 मध्ये इस्रायल झालं आणि पुढच्या काळात बहुतेक मंडळी तिकडे गेली, लोद, दिमोना, अश्दोद अशा शहरांत. तिथून मराठीत "मायबोली" नावाचं नियतकालिकही निघालं. आता अशा समाजाच्या शांत इमारतीसमोर उभं राहून "कालौघात विसरलेली वास्तू" असं लिहायचं? कोण विसरलं? गेलेल्यांपैकी कुणाच्या तरी आजोबांचं लग्न तिथे लागलेलं असेल. तुमच्या फोटोची वाट पाहणारं माणूस असूही शकतं, आणि त्याला तिरपं ऊन नको असतं. त्याला दार कुठल्या बाजूला होतं, ओटा अजून आहे का, विहीर बुजवली का, हे हवं असतं.

म्हणून मी अलीकडे फोटोमागे तारीख लिहितो, तोंड कुठल्या दिशेला ते लिहितो, आणि शेजारी विचारतो की हे कुणाचं. फार साधी कामं आहेत. त्याने फोटो सुंदर होतो असं नाही, उलट बहुतेकदा बिघडतो. वायर येते, वाळत घातलेले कपडे येतात. मला काही मित्र म्हणतात, सर, तुम्ही कलेचं तलाठ्याचं दप्तर करून टाकलं. असेल. पण तलाठ्याच्या दप्तरात निदान नाव तरी असतं.

आपल्या भागात समुद्र नसला तरी कापसाच्या जुन्या जिनिंगच्या इमारती आहेत, पत्रे उडालेल्या. तरुण मुलं तिथे फोटो काढतात, छान काढतात. त्यांना माझं सांगणं एवढंच की शेजारच्या टपरीवर चहा प्या आणि तिथे बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा, भोंगा किती वाजता व्हायचा.

रेवदंड्याला मी पुन्हा गेलो, तो पहिला फोटो छापून घेऊन. त्या बाई वाडीतच भेटल्या. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, सुनेला हाक मारून दाखवला. कमानीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मग डाव्या कडेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हिकडं आमची विहीर हाय, ती कापलीत तुम्ही."