रॉयल नेव्हीचं घड्याळ, खिशाला परवडेल असं

काल लोकलमध्ये एकाने माझ्या मनगटाकडे बघून विचारलं, "रोलेक्स?" नाही हो, घरी जोडलंय!

१९७० च्या दशकात ब्रिटिश रॉयल नेव्हीसाठी रोलेक्सने सबमरीनर हे डायव्हिंगचं घड्याळ खास बनवलं. तलवारीसारखे रुंद काटे, बेझेलवर (काचेभोवतीच्या कड्यावर) पूर्ण ६० मिनिटांच्या खुणा, पट्ट्याच्या दांड्या केसलाच पक्क्या. डायलवर वर्तुळातला ‘टी’, म्हणजे अंधारात चमकण्यासाठी ट्रिटियम. मूळ नगांच्या किमती विचारूच नका.

त्याच धर्तीवर जोडलेल्या माझ्या घड्याळात सेकोचं एनएच३५ मशीन आहे. ऑटोमॅटिक, चावीही देता येते, सुमारे ४१ तास चालतं. डायलला तारखेची खिडकी नाही, पण मशीनमध्ये तारीख आहेच. त्यामुळे चावीचा मधला टप्पा उगाच फिरतो. चालतंय.

खरी कसोटी काटे बसवताना: तिन्ही बरोबर १२ वर, एकमेकांना न घासता.

डायलवर रोलेक्सचं नाव मात्र नको, नाहीतर ती नक्कलच. पाण्यात नेण्याआधी प्रेशर टेस्ट कराच.

सुटे भाग निवडताना अडलात तर विचारा.