मामीची सुट्टी

२०२४ च्या आखाजीला आम्ही सगळी मामे-मावस भावंडं कितीतरी वर्षांनी आजोळी जमलो. आजोळ म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं, धरणगावपासून थोडं आत असलेलं एक छोटंसं गाव. खानदेशाबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. इतरांकडे त्या दिवशी सोनं घेतात, आमच्याकडे लेकीला माहेरी आणतात. दिवाळीइतकाच मोठा सण हा. घरोघरी पाण्यानं भरलेली घागर पुजायची, पितरांना आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, आणि लिंबाच्या झाडाला झोके बांधून लेकीबाळींनी गाणी म्हणायची. सालदाराचं सालही याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं. म्हणजे बघा, शेतात वर्षभर राबणाऱ्या गड्यालासुद्धा आखाजीला मोकळा श्वास मिळतो.

तर त्या रात्री जेवणं उरकली आणि नेमकी लाईट गेली. सगळे उशा-गोधड्या घेऊन धाब्यावर गेलो. जुन्या मातीच्या धाब्यावर आता स्लॅब पडलाय, पण आम्ही त्याला अजून धाबंच म्हणतो. मोबाईलची चार्जिंग संपलेली, वर चांदणं, मग काय, आठवणींची पोतडी उघडलीच. प्रत्येकाला आपापला मे महिना सांगायचा होता.

आमचा मे महिना खरं तर एक तारखेलाच सुरू व्हायचा. सकाळी शाळेत झेंडावंदन, हातात निकाल, आणि दुसऱ्या दिवशी नंदुरबारहून भुसावळकडे जाणारी पॅसेंजर! दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर अशी एकेक स्टेशनं मागे पडायची आणि आईचा चेहरा बदलत जायचा. घरात सदान्‌कदा घाईत असलेली, आमच्यावर खेकसणारी आई अमळनेर गेलं की खिडकीशी सरकून बसायची. धरणगावला उतरेपर्यंत ती कुणाची तरी लहान बहीण झालेली असायची. आखाजी एप्रिलमध्येच आली, की मात्र आमची परीक्षा नाहीतर निकाल आडवा यायचा. त्या वर्षी आई उगीचच भांडी आपटायची. का, ते आम्हाला कधी कळलं नाही.

आजोळी आम्ही एकूण अकरा पोरं. आई आणि दोन मावश्या, आजी-आजोबा, मामा-मामी, गडीमाणसं. पंगतीला वीसेक पानं सहज. सकाळी विहिरीवर जायचं, पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकायचं. दुपारी माजघरात गवतात घातलेल्या आंब्यांच्या अढीतून पिकलेला आंबा वासावरून शोधायचा. अंगणात खाटांवर कुरडया, बिबडे वाळत घातलेले. त्यांची राखण आमच्याकडे, म्हणजे कावळ्यांपेक्षा आम्हीच जास्त फस्त करायचो. कुरडयांचा गरम चीक वाटीत घेऊन, वर तेल-मीठ टाकून खाण्यासाठी तर मारामाऱ्या व्हायच्या. संध्याकाळी झोका आणि रात्री धाब्यावर भुतांच्या गोष्टी.

हे सगळं आम्ही एकमेकांची वाक्यं तोडत सांगत होतो. मामी जिन्याच्या तोंडाशी, पायरीवर बसून ऐकत होती. आता तिची अठ्ठ्याहत्तरी आलीय. मध्येच खुदकन हसायची.

मग माझा मावसभाऊ म्हणाला, “मला विचाराल तर बेस्ट सुट्टी १९८३ ची. त्या वर्षी आखाजी अगदी मेच्या मध्यावर आली होती. आदल्या दिवशी कुणाची तरी बैलगाडी आली होती बघा. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, आत छान गोधडी अंथरलेली. संध्याकाळी ती रिकामीच परत निघाली, तर त्या गाडीवाल्या मामांनी आम्हाला सगळ्यांना आत बसवून वेशीपर्यंत फिरवून आणलं. काय धमाल! गाडी कुणाची होती कुणास ठाऊक.”

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ती गाडी सगळ्यांनाच आठवत होती.

जिन्यातून मामी म्हणाली, “ती गाडी माले लेवाले उनी व्हती.”

एरवी मामी आमच्याशी नीट शाळेतल्यासारखं मराठी बोलते. अहिराणी तिच्या तोंडून आपोआप निघते ती फक्त जीव कासावीस झाला की. ती गाडी तिला न्यायला आली होती. गाडीवाले मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, आखाजीचा मुराळी. तिचं माहेर तिथून अवघ्या दोन-अडीच कोसांवर. गोधडी तिच्याचसाठी अंथरलेली.

आम्ही अकराच्या अकरा जण गप्प.

मामीनं मग सांगितलं. रागानं नाही, कुरडयांचं प्रमाण सांगावं तसं. “तुमच्या आया आल्या होत्या ना. आजी म्हणाली, पोरी वर्षातून एकदा येतात, त्यांना चुलीशी बसवायचं का? तू जा नंतर. तुमचे मामा काही बोलले नाहीत. भाऊ जेवला, ओट्यावर थोडा टेकला आणि ऊन उतरल्यावर निघाला. तुम्ही पोरं गाडीत चढलात तेव्हा मी दारातून बघत होते. म्हटलं, चला, गाडी अगदीच रिकामी नाही गेली.”

“मग नंतर गेलीस ना गं मामी?” धाकट्या बहिणीनं विचारलं.

“तुम्ही गेलात जूनच्या सुरुवातीला. तोवर पेरणीची घाई. म्हटलं, श्रावणात जाऊ. श्रावणाआधीच आई गेली माझी.”

लाईट आली तेव्हा कुणालाच ती नको होती.

मला त्या रात्री झोप लागली नाही. मी त्याच सुट्टीची माझी आठवण उलटीसुलटी करून बघत होते. आखाजीची खापरावरची पुरणपोळी मला आठवत होती. ज्यांनी बघितली नसेल त्यांना सांगते, ही पोळी लाटत नाहीत. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत मोठा करतात, पार कोपरापर्यंत पसरते ती, आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकतात. मामीच्या हाताची पोळी अख्ख्या गल्लीत नावाजलेली. आमच्या आठवणीत पोळी आहे, रसाची पातेली आहेत, पोटाला तडस लागेपर्यंत जेवणं आहेत. त्या आठवणीत मामीचे नुसते हात दिसतात. चेहरा मी कितीही आठवला तरी येईना. ती कधी जेवायची? कुठे बसून? कुणास ठाऊक!

२०१९ साली केंद्र सरकारनं एक देशव्यापी पाहणी केली होती, लोक दिवसभरातला वेळ कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात असं दिसलं, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे आपले पाच तास, त्यांचा दीड तास. हे साधं रोजचं. आमच्या मामीचा १९८३ चा मे महिना कुणी घड्याळ लावून मोजला असता तर?

सकाळी चहा घेताना मी आईला विचारलं. आई आता सत्त्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांमुळे वर आली नव्हती. “आई, मामीला न्यायला गाडी आली होती, ते तुला माहीत होतं?”

आईनं बशी खाली ठेवली. “माहीत होतं.”

“मग तू का नाही म्हणालीस, वहिनी तुम्ही जा, आम्ही बघतो?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुला काय वाटतं, मनात आलं नसेल? पण माझ्या सासरी अकरा महिने मी तेच करत होते गं. माझ्या नणंदा आल्या की माझीही आखाजी हुकायचीच. वर्षातले ते पंधरा-वीस दिवस कुणी मला हाक मारून उठवत नव्हतं. मी ‘तुम्ही जा’ म्हटलं असतं तर माझे दिवस संपले असते. स्वार्थी झाले मी. झाले खरी.”

मैत्रिणींनो, आईवर रागावता येईना आणि तिला माफही करता येईना. कारण आई खोटं बोलत नव्हती. एका माहेरवाशिणीला पाय पसरायला मिळावेत म्हणून दुसरीनं आपली गाडी परत पाठवायची, ही वाटणी त्या दोघींनी केलेली नव्हती. ती आधीपासून ठरलेलीच होती. आणि एक गोष्ट मला एवढ्या वर्षांत कधी खटकली नव्हती, ती त्या सकाळी खटकली. आखाजीला आमच्याकडे पत्ते खेळायची मुभा असते. १९८३ मध्येही ओट्यावर मामा, आजोबा, आमचे दोन्ही काका आणि शेजारचे असा डाव दोन दिवस रंगला होता. चहा आत सांगितला जायचा, बाहेर यायचा. आत दोन बायकांमध्ये पंधरा दिवसांची ओढाताण चालली होती, पण बाहेरच्या चार-सहा धडधाकट माणसांपैकी कुणीतरी दोन दिवस पंगतीत वाढायला उभं राहावं, हे आजीच्याही डोक्यात आलं नाही, आईच्याही नाही, आणि मामीच्या तर नाहीच.

बहिणाबाई चौधरींचं माहेर असोदे आणि सासर जळगाव. गावं अगदी लागून, तरी माहेराच्या वाटेवर आणि आखाजीच्या झोक्यावर त्यांनी केवढी गाणी रचली! अंतर जवळ असून भागत नाही, घरातून पाय निघावा लागतो, हे आमच्या मामीच्या अडीच कोसांवरून मला कळलं.

आता तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. आता कुठे एवढा गोतावळा, कुठे अकरा पोरं! खरंय. आता सुट्टी म्हणजे समर कॅम्प, चार दिवस महाबळेश्वर नाहीतर गोवा, उरलेले दिवस मोबाईल. पण जरा आपापल्या घरात डोकावून बघा. मुलांना घेऊन तुम्ही माहेरी जाता तेव्हा तिथली वहिनी कुठे असते? ती नोकरी करणारी असेल तर रजा टाकते, ती कुणासाठी? तुमच्या नणंदेच्या मे महिन्याच्या तारखा ठरल्या की तुमच्या तारखा आपोआप सरकतात की नाही? ‘आम्ही आहोत तोवर तू जाऊन ये’ असं तुम्हाला कोणी म्हणालंय? आणि तुम्ही कुणाला?

आम्ही भावंडांनी त्या दुपारी एक साधी गोष्ट ठरवली. आजोळी जमायचं तर तारीख आधी मामीला आणि आमच्या मामेभावाच्या बायकोला विचारायची. त्या दोघींचं माहेरी जाणं आधी, मग आमचं येणं. आणि जमलो की चूल आमची. आमची म्हणजे भावांचीसुद्धा. हे वाचून कुणाला वाटेल, यात काय मोठं? पण आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते ठरवायला आम्हाला एकेचाळीस वर्षं लागली.

निघायच्या वेळी मामी नेहमीप्रमाणे आईची ओटी भरायला तांदूळ-खोबरं घेऊन आली. आईनं तिच्या हातातून ताट काढून घेतलं. म्हणाली, “वहिनी, आज तुम्ही बसा पाटावर.” मामी “अहो, असं कुठं असतं का!” म्हणत राहिली, पण बसली. आई गुडघ्यांमुळे वाकू शकत नव्हती, उभ्यानंच ओटी भरली. दोघी एकमेकींशी काही बोलल्या नाहीत. मामा ओट्यावरून बघत होते. तेही काही बोलले नाहीत. पण मामीची पिशवी गाडीत ठेवायची वेळ येईल तेव्हा ती आपण उचलू, असं त्यांनी नंतर नातवाला सांगितलं म्हणे.

ती वेळ २०२५ च्या आखाजीला आली. ३० एप्रिलची आखाजी, मुलांचे निकाल लागायचे होते, पण या वेळी त्याची काळजी नव्हती, कारण जाणार होती मामी. मामेभावानं तिला आदल्या दिवशी कारमधून माहेरी सोडलं. तिचा भाऊ, तेव्हाचा मुराळी, आता स्वतःच आजोबा झालाय, वेशीपाशी येऊन उभा होता. दारातल्या लिंबाला झोका बांधलेला. मामी त्यावर बसली की नाही ते विचारू नका, ती सांगत नाही.

ती तिथे आठ दिवस राहिली. दुसऱ्याच दिवशी दुपारी मला फोन आला. “अगं, घरी सूनबाईला फोन लागत नाही. कुरडयांचे गहू भिजत घातलेत, त्याचं पाणी कुणी बदललं का बघ बाई.”

मी म्हटलं, “मामी, सूनबाई तिच्या माहेरी गेलीय. पाणी मामांनी बदललंय.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग मामी म्हणाली, “त्यांना म्हणावं, रोज बदलायचं असतं.”

मैत्रिणींनो, या मे महिन्यात मुलांच्या सुट्टीच्या गमतीजमती जरूर आठवा, त्यांना सांगा, हसा. फक्त एकदा आपल्या आजोळच्या मामीला, नाहीतर मावशीला, आत्याला विचारा, “तेव्हा तुझी सुट्टी कधी असायची गं?” आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.